आक्काच्या फोनची बॅटरी

अनुजा देसाई माझ्या केबिनमध्ये पहिल्यांदा आली ती भांडायलाच.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकवते. २०२२ च्या पावसाळ्यात आम्ही विद्यार्थ्यांची एक पाहणी घेतली होती. मोबाइल, लॅपटॉप, चार्जर या वस्तू मुलं किती वर्षं वापरतात, बिघडल्या तर दुरुस्त करतात का, जुन्या झाल्यावर त्यांचं काय होतं, असे वीसेक प्रश्न होते. उत्तरं वाचून मी हरखून गेले होते. जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं होतं, आम्हाला पर्यावरणाची काळजी वाटते, दुरुस्त केलेली वस्तू वापरायला आमची हरकत नाही, आणि जुना फोन आम्ही टाकत नाही, घरातच कुणाला तरी देतो. ते आकडे मी मोठ्या कौतुकानं नोटीस बोर्डावर लावले.

दुसऱ्या दिवशी एक सावळी, उंच मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, तुमचा अकरावा प्रश्न चुकलाय."

"काय चुकलंय?"

"घरात कुणाला देता, असं विचारलंय तुम्ही. कुणाला म्हंजे? बापाला कोण देतंय व्हय? आईलाच देत्यात की. काच फुटलेला, गरम हुणारा, दिवसातनं चारदा चार्जिंगला लावायचा फोन आईला द्यायचा आणि आपण नवा घ्यायचा. तुम्ही ह्याला पुनर्वापर म्हणायलाय. आमच्याकडं ह्याला उरलंसुरलं म्हणत्यात."

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण माझा स्वतःचा जुना फोन त्या वेळी माझ्या सासूबाईंकडे होता.

ती एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला नुकतीच आली होती. गाव नेसरी, गडहिंग्लज तालुक्यातलं. वडील दुधाच्या गाडीवर चालक होते. ती आठवीत असताना हृदयविकारानं गेले. मागे आई शालूबाई, थोरला भाऊ ऋतुराज, दोन म्हशी आणि भाताचं थोडं शेत. ऋतुराज शिकून पुण्याला एका कारखान्यात लागला, लग्न करून तिकडेच राहिला. अनुजा कोल्हापूरला आली. गावात शालूबाई एकट्या. दोन्ही मुलं त्यांना आई म्हणत नसत. सगळा गाव आक्का म्हणायचा, म्हणून तीही आक्काच म्हणत.

अनुजा कोल्हापूरला बीएस्सीला आली ते वर्ष २०१९. हॉस्टेलवर येऊन महिना-सव्वा महिना झाला असेल, तोच पंचगंगेचा महापूर आला. पाणी उतरल्यावर हॉस्टेलच्या मुली शुक्रवार पेठेत घरं साफ करायला गेल्या. तिथे तिनं जे पाहिलं ते ती पुढे पुष्कळदा सांगायची. रस्त्याच्या दोन्ही कडेला डोक्याइतके ढीग. टीव्ही, फ्रिज, मिक्सर, कॉम्प्युटर, मोबाइल, सगळ्यांच्या तोंडात चिखल. एका घरातली बाई आपला मिक्सर फडक्यानं पुसत बसली होती आणि म्हणत होती, हा चालंल, ह्याला काय झालं न्हाय. संध्याकाळी गाड्या आल्या आणि सगळं भरून घेऊन गेल्या. पुढे काही दिवसांनी मुलींना कळलं की त्यातलं बरंचसं गावाबाहेर कुठेतरी नुसतं ओतलंय आणि तांब्यासाठी कुणी कुणी वायरी जाळतायत. अनुजा मैत्रिणीच्या स्कूटरवरून तिकडे जाऊन आली. धुरानं तिला दोन दिवस खोकला होता.

त्यानंतर ती शाहूपुरीत आकाराम सुतारांच्या दुकानात जाऊ लागली. आकारामकाका पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता मोबाइल करत. ती नुसती बसून बघायची. महिन्याभरानं त्यांनी तिच्या हातात सोल्डरिंगची सळई दिली. "पोरगी हाय, पण हात सर्जनचा हाय," असं त्यांनीच मला एकदा सांगितलं. तिनं लगेच त्यांना सुनावलं होतं, "काका, त्यातला 'पण' काढून टाका."

एमएस्सीला आल्यावर आणि माझ्याशी भांडून झाल्यावर तिनं कॉलेजात एक गट काढला. नाव ठेवलं 'अजून चालतंय'. दर शनिवारी रसायनशास्त्राच्या जुन्या प्रयोगशाळेत मुलं बिघडलेल्या वस्तू घेऊन यायची. इअरफोन, इस्त्री, ट्रिमर, मोबाइल. ही दुरुस्त करायची आणि करताना शिकवायची. सुरुवातीला गर्दी उसळली. मुलं फोटो काढायची, स्टेटस ठेवायची. महिनाभरात गर्दी ओसरली. दुरुस्त केलेला फोन घेऊन जाणारी मुलं दिवाळीत नवा फोन घेऊन यायची आणि ओशाळून सांगायची, "घरच्यांनी घेतला गं, मी नको म्हणत होतो." अनुजा हसायची. ती कुणाला टाकून बोलायची नाही. मलाच राहवायचं नाही.

"तुला वाईट नाही वाटत?"

"त्यास्नी खरंच वाटतंय मॅडम, आपण नवा घेऊ नये. फक्त वाटणं लवकर दमतंय त्यांचं."

शेवटी पाच-सहा जण टिकले. त्यात मोहित नावाचा एक मुलगा होता, हातकणंगल्याहून रोज रेल्वेनं येणारा. त्याच्याकडे एका जुन्या मॉडेलचा सहा वर्षांपूर्वीचा फोन होता आणि तो अभिमानानं तोच वापरायचा. अगदी तसलाच फोन अनुजाच्या घरीही होता. आधी तो ऋतुराजचा होता, मग अनुजानं वापरला, आणि तिला आकारामकाकांच्या दुकानात मोडक्यातून एक चालू फोन जुळवता आला तेव्हा तो आक्काकडे गेला.

म्हणजे माझ्याशी ज्यावरून भांडली तेच तिनं केलं होतं. मी हे तिला चेष्टेनं बोलून दाखवलं होतं. ती जरा लाल झाली.

"मी आक्काला मोडका न्हाय दिला मॅडम. काच बदलली, स्पीकर बदलला, सगळा नीट करून दिला. आणि माझा तर त्याच्याहून जुना हाय."

ते खरं होतं.

एकदा मी नेसरीला त्यांच्या घरी गेले होते. शालूबाई पन्नाशीच्या, काटक, आणि बोलायला लागल्या की चार घरांना ऐकू जावं असा आवाज. आमच्याकडच्या खेड्यातल्या बायका स्वतःबद्दल 'आलो, गेलो' असंच बोलतात, तशा त्याही बोलायच्या.

"बाई, मी चौथीपतोर शाळंत गेलतो. म्होरचं सगळं म्हशींनी शिकवलं. तुमी हिला काय शिकवायलाय?"

"पर्यावरण शिकवते."

"म्हंजे?"

अनुजा म्हणाली, "म्हंजे आक्का, काय टाकायचं न्हाय. जपून वापरायचं."

"मग हिला पैसं भरून शिकायला कशाला पाठवलं मी? मीच शिकवलं असतं की!" असं म्हणून त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

त्यांच्या कमरेला एक कापडी पिशवी असायची, तिच्यात फोन. पुण्याच्या नातीला त्यावर बघायच्या. साधा बटणांचा फोन त्यांना नको होता तो त्यासाठीच. व्हिडिओ लागला की फोन अगदी नाकाजवळ धरायच्या आणि नातीला त्यांचं नुसतं कपाळ दिसायचं.

त्या दिवाळीत ऋतुराजनं आईसाठी नवा फोन आणला. हे मला त्यानंच नंतर सांगितलं. आक्कांनी तो हातात घेतला, उलटापालटा केला, गालाला लावून बघितला. म्हणाल्या, "लई गुळगुळीत हाय रं." अनुजा तेव्हा घरीच होती. तिनं समजावलं की आक्काचा फोन चांगला चाललाय, एवढा महागाचा नवा फोन घेऊन हिला करायचंय काय, दुकानदार परत घेतोय तोवर देऊन टाक. बहीण-भावात थोडी बाचाबाची झाली. आक्कांनी मध्ये पडून नवा फोन खोक्यात ठेवला.

"ने बाबा परत. माझं काय आडलंय? हा चालतोय."

ऋतुराजनं मला सांगताना एवढंच म्हटलं, "मॅडम, खोकं बंद करताना आक्का त्यावरनं हात फिरवत होती. मी बघितलं. अनूनं न्हाय बघितलं."

पुढच्या वर्षी, २०२३ च्या सप्टेंबरात, त्या फोनची बॅटरी जायला लागली. पूर्ण चार्ज केलेला फोनसुद्धा मध्येच बंद पडायचा, परत सुरू केला की अर्ध्या मिनिटात पुन्हा बंद. आक्का रोज संध्याकाळी फोन चार्जरला लावूनच बोलायच्या.

"अनू, ह्यो मधीच मरतोय गं."

"बॅटरी मागवलीय आक्का. आली की घेऊन येतो."

त्या मॉडेलची बॅटरी आता सहज मिळत नव्हती. आकारामकाकांनी खटपट करून एक मुंबईहून मागवली. ती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आली. रविवारी अनुजा गावी जाऊन ती बसवणार होती.

आणि त्या रविवारी मी प्रदर्शन ठेवलं होतं.

त्या प्रदर्शनाची हौस माझी होती. 'अजून चालतंय'चं काम बाहेरच्या लोकांना दाखवावं, चार कॉलेजांच्या प्राध्यापकांना बोलवावं, वर्तमानपत्रात दोन ओळी याव्यात, असं मला वाटत होतं. अनुजाला मी सांगितलं, "या रविवारी गावी जाऊ नकोस. तुझ्याशिवाय कोण समजावून सांगणार?"

ती म्हणाली, "आक्काची बॅटरी बदलायची होती मॅडम."

"पुढच्या रविवारी जा की."

ती कोल्हापुरातच थांबली.

शनिवारी दुपारी आम्ही टेबलं मांडत होतो. मोहितचा फोन हे आमचं मुख्य आकर्षण होतं. सहा वर्षांचा फोन, तीनदा दुरुस्त केलेला, एक विद्यार्थी रोज वापरतो. मोठा फलक लिहून तयार होता. आणि नेमका त्या दुपारी मोहितचा फोन बंद पडला. तीच खोड, तीच बॅटरी.

मी अगदी रडकुंडीला आले. "अगं, उद्या पाहुण्यांसमोर बंद फोन ठेवायचा? काहीतरी कर अनुजा."

तिनं पिशवीतून नवी बॅटरी काढली आणि मोहितच्या फोनला बसवली. मी विचारलंसुद्धा नाही की ही कुणाची. मला ठाऊक होतं.

"काका दुसरी मागवून देतील आठ-दहा दिवसांत," ती म्हणाली. मला सांगत होती की स्वतःला, कोण जाणे.

प्रदर्शन छान झालं. मोहितचा फोन सगळ्यांच्या हातातून फिरला. एका पाहुण्यांनी त्यावरून स्वतःच्या घरी फोन लावून बघितला आणि टाळ्या झाल्या. वर्तमानपत्रात फोटो आला. अनुजा त्यात कडेला उभी आहे, हातात स्क्रू ड्रायव्हर.

दोन दिवसांनी, मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास शालूबाई शेताच्या बांधावर गवत कापत होत्या. भात कापणीला आलं होतं. शेजारच्या शेतात त्या दिवशी कुणी नव्हतं. गवताची मूठ धरताना नागानं त्यांच्या हाताला चावा घेतला.

त्या घाबरट नव्हत्या. नंतर लोकांना जे दिसलं त्यावरून एवढं कळलं, की त्यांनी पदराची चिंधी फाडून हाताला बांधली, आणि कमरेच्या पिशवीतून फोन काढला.

अनुजा त्या वेळी पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर बोलत होती. प्रदर्शनामुळे मुलांनीच तिला बोलावलं होतं. तिचा फोन टेबलावर थरथरला. एक रिंग, आणि बंद. तिनं पाहिलं, आक्का. तिनं तिथूनच उलटा फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मुलं बघत होती. ती हसून म्हणाली, "आमच्या आईची बॅटरी गेलीय, प्रदर्शनापायी," आणि मुलंही हसली. मी मागच्या बाकावर बसले होते. मीही हसले.

आपण संध्याकाळी लावू, असं तिला वाटलं. रोज तसंच तर व्हायचं.

आक्का बांधावरून रस्त्याकडे चालत निघाल्या. ते अंतर काही फार नाही, पण साप चावलेल्या माणसानं चालू नये, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिथे दुसरं करण्यासारखं काय होतं? दुपारी एकच्या सुमारास ज्ञानू आण्णा, त्यांच्या शेजारच्या शेताचे मालक, म्हशी घेऊन त्या वाटेनं आले. आक्का वाटेच्या कडेला पडल्या होत्या. डोळ्यांच्या पापण्या मिटत चालल्या होत्या, बोलता येत नव्हतं. आण्णांनी आरडाओरडा करून गाडी मिळवली, दवाखान्यात नेलं, तिथून गडहिंग्लजला. औषध दिलं, नळी घातली. चार वाजता आक्का गेल्या.

ज्ञानू आण्णांनी दवाखान्यातून अनुजाला फोन केला तेव्हा ती आकारामकाकांकडे होती. तिनं पहिला प्रश्न विचारला तो, "किती वाजता चावला?"

आण्णा म्हणाले, "काय की पोरी. अकरा-साडेअकरा आसंल."

आकारामकाकांनी मला सांगितलं, ती रडली नाही. दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली.

ऋतुराज पुण्याहून पोहोचेपर्यंत अंधार पडला होता. अंत्यविधी दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. मी आणि मोहित गेलो होतो. सगळं उरकून लोक परतायला लागले, तेव्हा ऋतुराज बहिणीसमोर येऊन उभा राहिला. तोवर दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

"मी फोन आणलता," तो म्हणाला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "नवा आणलता मी तिला. तुझ्या पर्यावरणानं माझी आई खाल्ली अनू."

ज्ञानू आण्णा मध्ये आले. "आरं, आसं बोलू नगंस. सापानं खाल्ली, तिनं न्हाय."

अनुजानं भावाकडे बघत मान हलवली, होकारार्थी.

तिथे बोलायचं होतं ते मी. बॅटरी माझ्या प्रदर्शनासाठी गेली, तिला मी थांबवलं, हे त्या भावाला तिथे, त्या चितेजवळ सांगायला हवं होतं. माझी जीभ उचलली नाही. मी ते त्याला तेराव्याला सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "तुमी परक्या मॅडम. तुमास्नी काय म्हणू?" त्यानं मला क्षमा केली नाही आणि दोषही दिला नाही. दोष त्याला घरातच ठेवायचा होता.

त्याच तेराव्याला अनुजानं मला माजघरात नेऊन आक्कांचा फोन दाखवला. तिनं तो चार्जरला लावून सुरू केला होता. त्या दिवशीच्या यादीत एकच नाव होतं. अनू. अकरा वाजून बावीस मिनिटं.

"आण्णाचं घर तिथनं चालत पंधरा मिनटांवर हाय. आण्णाला लावायचा सोडून तिनं मला लावला. नव्वद किलोमीटरवर." ती फोनवरून अंगठा फिरवत राहिली. "मी काय बोललो वर्गात, ते आठवतंय तुम्हाला?"

"आठवतंय."

"पोरं हसली."

"मीही हसले, अनुजा."

डॉक्टरांना मी भेटले होते. नाग चावल्यावर तासाभरात माणूस आणला असता तर वाचण्याची शक्यता चांगली असते, पण खात्री कुणीच देऊ शकत नाही, असं ते म्हणाले होते. मी अनुजाला त्यातला फक्त शेवटचा भाग सांगितला. तिनं विचारलं, "आणि पहिला?" ती हुशार होती. मी चार्जरची वायर गुंडाळायला घेतली.

ती कॉलेजात परत आली नाही. मुलं आठवडाभर हळहळली. काहींनी शालूबाईंचा फोटो स्टेटसला ठेवला. पुढच्या प्रदर्शनाला त्यांचं नाव द्यावं असंही एकीनं सुचवलं आणि ते अनुजाला कळवलं. तिनं उत्तर पाठवलं, 'देऊ नका.' शनिवारी प्रयोगशाळा उघडी असायची, पण येणारे कमी कमी होत गेले आणि जानेवारीत मी कुलूप लावलं. मी मुलांना दोष देत नाही. शिकवणारीच नव्हती, आणि वस्तू उघडायला घेतली की प्रत्येकाला ती गोष्ट आठवायची.

मोहित एकदा माझ्याकडे आला. त्यानं फोन माझ्या टेबलावर ठेवला.

"मॅडम, हा मला नको. ह्याच्यावर कॉल आला की मला उचलवत नाही."

"मग अनुजालाच विचार काय करायचं ते."

तो नेसरीला जाऊन आला. अनुजानं त्याला जेवायला वाढलं, फोन हातात घेऊन बघितला आणि परत त्याच्या हातात दिला. "तुझं काय चुकलं? चांगली बॅटरी हाय. वापर. टाकू नकोस." तो अजूनही तो वापरतो. हे मला कळलं तेव्हा मला बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मी नेसरीला गेले. दोन वर्षांवर काळ गेला होता. अनुजा घरीच राहते. म्हशी सांभाळते, सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध संकलनाचं काम बघते, तिथलं दुधाचं फॅट मोजायचं यंत्र बिघडलं तर तीच दुरुस्त करते. अंगानं वाळली आहे. फोन सतत हातात असतो. पहिल्या रिंगला उचलते. अनोळखी नंबर, जाहिराती, काहीही असो, उचलते. मी होते त्या तीन तासांत तिला एका विमा कंपनीच्या मुलीचा फोन आला, अनुजानं तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि शेवटी हळू आवाजात म्हणाली, "नको ताई. ठेवू?"

मी चहा घेत होते तेव्हा शेजारच्या विठाबाई आल्या. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. मुलगा इचलकरंजीला. त्यांनी ओच्यातून एक मोबाइल काढला.

"अनू, ह्यो बग गं. बोलताना बंद पडतोय."

अनुजानं तो उघडला. तिचे हात पूर्वीसारखेच चालत होते, झरझर. बॅटरी फुगली होती. तिनं फोन बंद करून खाली ठेवला आणि विठाबाईंच्या मुलाला स्वतःच्या फोनवरून कॉल लावला.

"दादा, मी अनुजा बोलतोय, शालूबाईची. तुमच्या आईचा फोन संपलाय. न्हाय, दुरुस्त हुईत न्हाय. मी करणार न्हाय. तुमचा जुना देऊ नका, दुकानातनं नवा आणा. ह्याच आठवड्यात आणा. व्हय. मी शुक्रवारी परत फोन करतोय, आणला का न्हाय विचारायला."

विठाबाई खजील झाल्या. "कशाला त्याला तरास? म्हातारीला काय करायचाय नवा?"

"गप बस म्हातारे," अनुजा म्हणाली, आणि तोंड फिरवून चुलीकडे गेली. बराच वेळ ती तिथे काहीतरी हलवत राहिली. चुलीवर काही नव्हतं.

विठाबाई गेल्यावर मी विचारलं, "मग आता दुरुस्ती सोडलीस?"

"न्हाय. गावातली पोरं येत्यात की. त्यांचं करतो. धडधाकट माणसानं जुनं वापरायला काय हुतंय? कळ काढावी. पण एकट्या माणसानं न्हाय. कळ कुणी काढायची, हे आधी ठरवाय पायजे होतं मॅडम. मी ते आक्काच्या वाटणीला दिलं."

"एमएस्सी पूर्ण कर. अजून करता येईल. मी विद्यापीठात विचारलंय."

"बघू," ती म्हणाली. त्या 'बघू'त काही नव्हतं. मी पुढे रेटलं नाही. मी तिला एकदा थांब म्हटलं होतं, आता ये म्हणायचा अधिकार माझ्याकडे उरला आहे असं मला वाटत नव्हतं.

मी ऋतुराजबद्दल विचारलं. वर्षश्राद्धाला तो आला होता, पण ज्ञानू आण्णांकडे उतरला, जेवला आणि तिच्याशी न बोलता गेला. दिवाळीला आला नाही. भाचीला व्हिडिओवर दाखवायचा, तेही बंद झालं होतं.

"आणि आता?"

"औंदा भात कापायला आलता," ती म्हणाली. "मी बोलावलं नव्हतं. आण्णानं सांगितलं असंल. दोन दिवस राहिला. त्या बांधाचं गवत त्यानंच कापलं, मला तिकडं जाऊ दिलं न्हाय. बोलला न्हाय काय. भाकरी वाढली तेवढी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी उचलली, उंबऱ्यावर थांबला आणि 'येतो' म्हणाला."

तिनं माझा रिकामा कप उचलला.

"मागल्या टायमाला तेवढंबी म्हणाला नव्हता."

बाहेर म्हशी ओरडायला लागल्या होत्या. धारेची वेळ झाली होती. तिनं बादली घेतली, मला म्हणाली, "बसा मॅडम, एसटीला अजून अर्धा तास हाय," आणि गोठ्यात गेली.